गाडीवर लागताना

ट्रकवर किंवा बसवर ड्रायव्हर म्हणून लागताना बोलणी पगार, भत्ता आणि डिझेलचं ॲव्हरेज या तीन गोष्टींभोवती फिरतात. शेठ विचारतो, घाटाचा अनुभव आहे का. ड्रायव्हर विचारतो, घरी जायला सुट्टी कधी. ब्रेकचे लायनर कोण बदलतं आणि कधी बदलतं, हे कोणी विचारत नाही. ते विचाराच, पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारून घ्या: "गाडी नीट नसली आणि मी काढली नाही, तर काय?" उत्तर नीट ऐका. "गॅरेजला लाव, पार्टीशी मी बोलतो" म्हणणारा मालक वेगळा आणि "कालपर्यंत दुसरा चालवतच होता की" म्हणणारा वेगळा. दुसऱ्याकडे पगार दोन-तीन हजारांनी जास्त असला, तरी तिथे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अपघाताच्या बातमीत 'चालकाचा ताबा सुटला' एवढंच छापून येतं. त्याआधीच्या वीस तासांत गाडी किती वेळ भरत होती, ड्रायव्हर कधी झोपला होता, मालकाचे किती फोन आले होते, यातलं काही येत नाही. पोलिसांचा कागदही बहुतेकदा स्टिअरिंगपाशीच थांबतो. म्हणून या वीस तासांचा हिशेब ड्रायव्हरने स्वतःच ठेवायला शिकलं पाहिजे, आणि मालकानेही.

तास आणि रांगा

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चौकट आखली होती: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यावर फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला 54. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, आणि एक ड्युटी संपून दुसरी लागेपर्यंत सलग नऊ तास मोकळे. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता लागू झाली, तरी आठ तासांचा दिवस आणि जादा तासांना दुप्पट दर हा पाया बदललेला नाही. मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं थांबण्यातली पंधरा मिनिटांच्या आतली वेळसुद्धा कामाच्या तासांत धरली जाते. हे मालकाला ठाऊक असतंच असं नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

प्रत्यक्षात छोट्या मालकाकडे पैसे फेरीवर असतात आणि तास कोणी मोजत नाही. खरी गोची चालवण्याच्या तासांत नसून थांबण्याच्या तासांत आहे. कारखान्याच्या गेटबाहेर, जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर, साखर कारखान्याच्या यार्डात गाडी नंबरला लागते. रांग दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते. एवढ्यात झोप कसली लागणार? डोळा लागतो न लागतो तोच मागचा हॉर्न मारतो. बारा-चौदा तास असे गेल्यावर गाडी भरून होते, आणि शेठच्या लेखी ड्रायव्हर "दिवसभर बसूनच" असतो. मग फोन येतो: सकाळी सहाला वाशीला पोहोच.

यावर तोडगा बोलणीच्या वेळीच ठरवायचा. रांगेत गाडी पुढे घ्यायला लायसन्स असलेला दुसरा माणूस मिळणार का? गाडी भरून झाल्यावर निघायची वेळ कोण ठरवणार? क्लीनरला "जरा पुढे घे" म्हणून चावी देणं हा तोडगा नाही. पोर हौसेने घेतो, आणि यार्डात कोणी चाकाखाली आलं तर त्याच्याकडे ना लायसन्स असतं ना विमा कंपनीला द्यायला उत्तर. भाजीपाल्याच्या गाड्यांना पहाटेचा बाजार गाठावाच लागतो, हे मान्य. पण त्यासाठी गाडी दोन तास लवकर भरायची असते, वाटेत दोन तास जास्त पळवायची नसते. ही गोष्ट व्यापाऱ्याला ड्रायव्हर सांगू शकत नाही, ती मालकानेच सांगायची.

झोप

ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोळा चार सेकंद मिटला, तर जवळजवळ 90 मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर हा धोका वाढतो. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर वळण, गाव, म्हैस, सिग्नल काहीच आडवं येत नाही. डोळे उघडे राहतात आणि मेंदू सुस्तावतो.

झोप येण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: रात्री दोन ते पहाटे पाच, आणि दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास. खुणाही ठरलेल्या आहेत. मागचा टोलनाका कधी गेला ते आठवत नाही. गाडी पट्ट्यावर चढते आणि झटक्याने परत घ्यावी लागते. पापण्या चुरचुरतात. अशा वेळी काच खाली करणं, गाण्याचा आवाज वाढवणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं पाच-दहा मिनिटांचं काम, पुढे गाडी पुन्हा तिथेच येते. तंबाखूचं तर बोलूच नका. कोपराने स्टिअरिंग धरून, तळहातावर चुना मळत घाट चढणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. झोप घालवण्यासाठी म्हणून ते दोन्ही हात सोडतात.

उपाय एकच: सुरक्षित जागी गाडी लावून झोपायचं. आधी चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. चहाचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर लगेच गिअर टाकू नका, पाच-दहा मिनिटं गाडीभोवती चक्कर मारा. अर्थात ही डुलकी तात्पुरती. रात्रभराच्या जागरणाची भरपाई तिने होत नाही.

सर्दी-खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या काही औषधांनी गुंगी येते. मेडिकलवाल्याला "मी ड्रायव्हर आहे" हे सांगूनच गोळी घ्या. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकून दचकून उठणाऱ्या, दिवसा कुठेही पेंगणाऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्यावी. अनेक ड्रायव्हरांना हा आजार असतो आणि ते त्याला नुसता थकवा समजतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवून गाडी चालवू नये. उकाड्यानेही माणूस सुस्तावतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी बसवणं बंधनकारक झालं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीस अंशांत केबिन तापते तेव्हा तो एसी चालू ठेवणं ही चैन नव्हे. डिझेल वाचवायला "एसी बंद ठेव" म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

फेरी निघण्याआधीची फेरी

गाडी काढण्याआधी तिच्याभोवती एकदा पायी फिरायचं, आणि दिवसाउजेडी फिरता आलं तर उत्तम. टॉमीने प्रत्येक टायरवर एक ठोका मारा. हवा भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असलेला भद्द वाजतो. मागच्या जोडचाकातला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतो. त्याच जोडचाकात दगड अडकलेला असेल तर काढा. तो सुटला की मागच्या मोटारसायकलवाल्याला गोळीसारखा लागतो. टायरच्या खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी. चाकाच्या नटांभोवती गंजाचा ताजा ओघळ दिसला तर नट ढिला आहे असं समजा.

मग केबिनमध्ये चढून एअर प्रेशरचा काटा बघा. बझर बंद होईपर्यंत आणि काटा कंपनीने दिलेल्या खुणेपर्यंत येईपर्यंत गाडी हलवायची नाही. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून काटा खाली येतो का ते पाहा. येत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. सापडलेला दोष तोंडी सांगून विसरू नका, व्हॉट्सॲपवर फोटोसह मालकाला पाठवा. तुमचा मेसेज आणि त्याचं उत्तर, दोन्ही तारखेसकट राहतात.

केबिनमधून उतरताना उडी मारायची नाही. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात कायम गाडीला धरून, तोंड गाडीकडे ठेवून उतरायचं. घोटा आणि गुडघा जातो तो बहुतेक वेळा इथेच.

पंक्चरच्या दुकानात एक गोष्ट पाळाच. जुन्या पद्धतीच्या रिमला लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसली नसेल तर सुटून माणसाचं डोकं फोडते. टायर पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायला सांगा, नाहीतर चाक उलटं करून रिंग जमिनीकडे करायला लावा, आणि स्वतः लांब उभे राहा. वाकून बघत बसू नका.

माल

पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर दंड 20 हजार रुपये आणि जादा दर टनामागे आणखी दोन हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला किंवा वजनाआधी माल उतरवला तर 40 हजार. ड्रायव्हर मालक नसेल, तर ओव्हरलोड मालकाला माहीत होता किंवा त्याच्याच सांगण्यावरून झाला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 113 ही सोय देतं आणि ड्रायव्हरांना ते क्वचितच माहीत असतं. दहा टायरच्या, तीन ॲक्सलच्या ट्रकला 2018 पासून गाडीसकट 28.5 टनांची मुभा आहे. त्यात गाडीचं वजन धरलेलं असतं हे भरणारा हमखास विसरतो. काट्याची पावती हातात आल्याशिवाय यार्ड सोडू नका.

वजनाइतकीच मालाची बांधणी महत्त्वाची. स्टीलची कॉइल दोराने थांबत नाही; तिला चेन आणि खाली पाचर हवी. ब्रेक लागल्यावर कॉइल थांबत नाही, ती केबिनच्या दिशेने येते. कंटेनरचे चारही ट्विस्ट लॉक स्वतः बघा. सळया हौद्याबाहेर लोंबत ठेवायच्या नाहीत, लाल फडकं बांधलं तरी. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या घेऊन रात्री जाणाऱ्यांनी शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे. ऊस मागे लोंबत असला तर रिफ्लेक्टर झाकला जातो, तेव्हा तो कुठे लावायचा याचाही विचार करा. आणि टेप एवढ्या मोठ्याने लावू नका की मागच्या गाडीचा हॉर्नच ऐकू येणार नाही.

मोठ्या कारखान्यांत गेटवर सेफ्टी शूज, हेल्मेट, चमकतं जॅकेट आणि कधीकधी श्वासचाचणी लागते. काही ठिकाणी गाडीची चावी जमा करतात. ड्रायव्हरांना हा अपमान वाटतो, पण त्यामागे कारण आहे. फोर्कलिफ्ट हौद्यात असताना, भरून झालं असं समजून कोणी गाडी पुढे घेतली, तर फोर्कलिफ्ट माणसासकट खाली जाते.

रिव्हर्स घेताना मागे क्लीनर "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत असतो. तो आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. आवाज येतो आहे म्हणून तो सुरक्षित आहे असं धरू नका. भिंत आणि डाला यांच्या मधे त्याने कधीच उभं राहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ताडपत्री बांधायला वर चढताना आधी वर विजेची तार आहे का ते बघा. डंपरचा हौदा तारेला लागला तर केबिनमध्येच बसून राहा आणि लोकांना लांब राहायला ओरडून सांगा. गाडी पेटलीच तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लागू देऊ नका, आणि पाय जुळवलेलेच ठेवून लहान उड्या मारत लांब जा.

घाट

कसारा, बोरघाट, कुंभार्ली, आंबोली. महाराष्ट्रात माल देशावरून कोकणात उतरतो तो भरलेल्या गाडीनेच. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा रस्ता नावाला घाट नाही, पण उतार लांब आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलं. 13 नोव्हेंबर 2025 ला त्याच पट्ट्यात कंटेनरची धडक आणि आगीत आठ जणांचा जीव गेला.

उतारावर न्यूट्रल मारायची सवय डिझेलच्या ॲव्हरेजमधून लागते, आणि ॲव्हरेजवर बक्षीस देणारे मालक त्या सवयीला खतपाणी घालतात. त्यात काय होतं ते समजून घ्या. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रलमध्ये ते ओझं सगळं ब्रेकवर येतं. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलं असेल तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही, आणि प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंग जड होतं. एवढ्या वेगात मग खालचा गिअर पडतही नाही.

म्हणून जुना नियमच पाळा: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. एक्झॉस्ट ब्रेक वापरा. पाय पेडलवर ठेवून उतरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. जळक्या लायनरचा वास आला किंवा चाकातून धूर दिसला, तर रुंद जागी थांबून ड्रम आपोआप गार होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो. घाट सुरू होण्याआधी ब्रेक तपासायला पाच मिनिटं थांबणाऱ्या गाडीवर मागून हॉर्न वाजतात, वाजू द्या.

नवी गाडी, बस, टँकर

गाडी बदलली की पुन्हा शिकावं लागतं. 9 डिसेंबर 2024 ला मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या इलेक्ट्रिक बसचा अपघात झाला, तेव्हा ड्रायव्हरला अशा बसचं किती प्रशिक्षण दिलं होतं हा प्रश्न ऐरणीवर आला. क्लच नाही, इंजिनचा आवाज नाही, पेडलचा प्रतिसाद वेगळा. "तुला काय सांगायचं, वीस वर्षं चालवतोस" असं म्हणून चावी हातात देणाऱ्याकडे आधी रिकाम्या रस्त्यावर काही दिवस सराव मागा.

बसवाल्यांनी आणीबाणीच्या खिडक्या आणि काच फोडायची हातोडी रोज बघावी. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दारच बंद झालं होतं. ती हातोडी हरवली असेल तर प्रवासी घेऊ नका.

रसायनं आणि गॅसच्या टँकरला लायसन्सवर वेगळा शेरा लागतो, त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. टँकरमध्ये काय आहे आणि गळती झाली तर काय करायचं, हे लिहिलेलं ट्रेम कार्ड केबिनमध्ये ठेवायचं, ऑफिसच्या कपाटात नाही.

थांबलेली गाडी

रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर मागून धडकून जाणारे जीव थोडे नाहीत. गाडी शक्य तेवढी डावीकडे, चारही इंडिकेटर चालू, आणि परावर्तक त्रिकोण किमान 50 मीटर मागे, एक्स्प्रेसवेवर त्याहून लांब. झाडाची फांदी रात्री दिसत नाही. चाकाला लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाका. रस्त्यावर राहिलेल्या त्या दगडावर पहाटे कोणीतरी दुचाकीवाला आपटतो. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि इतरत्र 112 लावा. गाडीमागे उभे राहून फोनवर बोलू नका, कठड्यापलीकडे जा.

अपघात झालाच तर

जखमीला दवाखान्यात पोहोचवणं हे ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला तर कायदा त्याचा विचार करतो, पण 24 तासांच्या आत पोलिसांना कळवलंच पाहिजे. जवळच्या कोणत्याही ठाण्यात स्वतःहून हजर व्हा. भारतीय न्याय संहितेतलं दहा वर्षांच्या शिक्षेचं कलम जानेवारी 2024 मधल्या ड्रायव्हरांच्या आंदोलनानंतर लागू केलेलं नाही, पण पळून गेलेल्या ड्रायव्हरची बाजू कोणतंही न्यायालय सहज ऐकत नाही. जखमींवर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना 2025 पासून आहे. दवाखान्यात पैशावरून अडवलं तर तिचं नाव घ्या.

तुम्हालाच लागलं तर कामगार म्हणून भरपाई मागता येते, क्लीनरलाही येते. त्यासाठी तुम्ही त्या गाडीवर नोकरीला होता हे दाखवावं लागतं. पगार रोख मिळत असेल तर निदान भत्त्याचे पैसे ऑनलाइन घ्या आणि मालकाचे फेरीचे मेसेज पुसू नका. गाडी स्वतःच्या नावावर असेल तर विम्यात मालक-ड्रायव्हरचं 15 लाखांचं अपघात संरक्षण आहे ना, हे पॉलिसीवर बोट ठेवून बघा. लायसन्स, आरसी, पासिंग, विमा यांचे फोटो स्वतःच्या आणि घरच्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि कुठल्या गाडीवर आहात, मालकाचा नंबर काय, कुठून कुठे निघालात, हे प्रत्येक फेरीला त्या माणसाला कळवून निघा.